अर्ध्यावरचा झेंडा

कोल्हापूर
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

निसार,

पाकीट बघून दचकला असशील. वर्षभरात साधा फोन न करणारा माणूस एकदम टपालानं पत्र पाठवतो, म्हणजे कोणी गेलं की काय असं वाटलं असेल. कोणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहेत, मी जरा जास्तच. कारखान्याच्या कॅन्टीननं पोट सुटलंय.

रोजे सुरू झाले ना? मेहमुदावहिनींच्या माहेरी तुझं कुशनचं दुकान चांगलं चाललंय असं कळलं. आंबा घाटाकडं जाणाऱ्या निम्म्या जीपच्या सीटा तूच शिवल्यास म्हणे. आपण दोघं तालमीकडून फुटबॉल खेळायचो तेव्हा तुझी सुई फक्त फाटक्या बुटांवर चालायची. गोलकीपर तू, बूट शिवणारा तू आणि शिव्या खाणाराही तूच.

मागच्या ईदला मी आलो नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या घरचा शीरखुर्मा चुकला. कागलला एमआयडीसीत तेव्हा डबल शिफ्ट होती, ओतलेली कास्टिंग तपासायला दुसरा माणूस नव्हता. मग जूनमध्ये तुम्ही बिऱ्हाड हलवलंत आणि राहूनच गेलं.

पत्राचं कारण वेगळं आहे. आमची प्रियदर्शनी मानसशास्त्रात एम. ए. करते. माणसं आयुष्यात कशाला किंमत देतात आणि तशी वागतात का, असा काहीतरी तिचा प्रकल्प आहे. तिनं एक फॉर्म केलाय. प्रत्येक ओळीत एका माणसाचं वर्णन असतं. उदाहरणार्थ, ‘आपल्या माणसांना जपणं त्याला फार महत्त्वाचं वाटतं.’ हा माणूस तुमच्यासारखा किती, ते एक ते सहा आकड्यांत सांगायचं, सहा म्हणजे अगदी तसाच. स्वतःचा फॉर्म स्वतः भरायचा आणि दुसरा आपल्याला चांगलं ओळखणाऱ्याकडून आपल्याविषयी भरून घ्यायचा. बायकोचा चालत नाही, ती रागाच्या दिवशी भरेल म्हणून. मी तुझं नाव दिलंय. सोबत फॉर्म आहे, वेळ मिळेल तेव्हा भर.

तुझा,
अमरसिंह

ता. क. तुझ्या झिशाननं बंदीविरुद्ध अपील केलंय, त्याची तारीख १५ मार्च लागली आहे. शाहूपुरीतल्या स्पर्धा समितीच्या ऑफिसात. त्या मॅचचा लाइनमन म्हणून मलाही बोलावणं आलंय. तुला माहीत असेलच.


कोल्हापूर
रविवार, १ मार्च २०२६

निसार,

तुझे दोन मिस कॉल बघितले. उचलले नाहीत, कारण मशीनजवळ होतो आणि आवाज येत नाही. मग तुझी चिठ्ठी आली. पोस्टकार्डावर एवढ्याच दोन ओळी: ‘त्या दिवशी तू काय बघितलंस तेवढं समितीला सांग. पोराची ट्रायल २८ मार्चला पुण्यात हाय, वयाच्या अटीनं ही शेवटची.’

तुझा हक्कच आहे विचारायचा. त्या दिवशी तू स्टेडियममध्ये नव्हतास, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मागच्या फेब्रुवारीतली चषकाची सेमीफायनल. आपली तालीम आणि पलीकडची तालीम, म्हणजे स्टेडियमच्या बाहेर पोलिसांची गाडी असतेच. ठरलेला लाइनमन तापानं पडला आणि पंचाचं कार्ड असलेला मीच तेवढा तिथं होतो. आपल्या तालमीच्या मॅचला मी झेंडा धरणं बरोबर नव्हतं, तसं मी म्हणालोही. पण पलीकडच्या तालमीचीच माणसं म्हणाली, ‘अमरसिंह असू दे की. त्यो सख्ख्या भावाचा गोल रद्द करणारा माणूस हाय.’ पंचवीस वर्षांपूर्वीचा तो गोल अजून लोकांच्या तोंडी आहे. मलाही ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटची दहा मिनिटं राहिली होती. आपल्याला कॉर्नर मिळाला. डीमध्ये ही गर्दी. चेंडू आला, गेला, आणि त्यांचा बॅकचा खेळाडू जमिनीवर तोंड धरून पडला. कोणीतरी कोपर घातलं होतं. जबडा मोडला. त्याच्याजवळ आपली दोन पोरं होती: सात नंबरचा झिशान आणि सतरा नंबरचा सम्राट, माझा भाचा, आमच्या अनुजाचा. दोघांची एकच उंची, एकसारखी दाढी, जर्सी चिखलानं भरलेल्या. पंच धावत माझ्याकडं आला आणि म्हणाला, “सात का सतरा?”

मावळतीचं ऊन माझ्या डोळ्यावर होतं, निसार. मी म्हणालो, “दिसलं न्हाय.” पंचानं जवळ उभ्या असलेल्या झिशानला रेड कार्ड दाखवलं, आपण हरलो आणि सगळं त्याच्यावर आलं. दोन वर्षांची बंदी नंतर समितीनं दिली. मला एकदाच विचारलं, मी तेच सांगितलं, आणि अमरसिंहनं सांगितलं म्हणून कोणी पुढं विचारलं नाही.

१५ तारखेलाही मी जे आहे ते सांगेन.

प्रियानं माझा फॉर्म बघून तोंड वाकडं केलं. मी ‘आपल्या माणसांना जपणं’ याला सहा दिले होते आणि ‘ओळख नसलेल्यालाही सारखाच न्याय मिळाला पाहिजे’ यालाही सहा. म्हणाली, “पप्पा, हे सगळे असंच भरत्यात. मला सांगा, दोन्ही एकदम मिळणार न्हाईत तवा तुम्ही कुठलं धरणार?”

मी म्हणालो, तशी वेळ येत नाही.

“तशी वेळ आल्याशिवाय कळतच न्हाय की,” ती म्हणाली. तिच्या पुस्तकांत म्हणे असं आहे की जगभर माणसांच्या मनातली मूल्यं तीच असतात. कोल्हापूरच्या घराघरांत कांदा-लसूण चटणीत जिन्नस तेच असतात तसं. फरक फक्त कशाला किती, एवढाच. आणि काही जिन्नस एकमेकांच्या विरुद्ध असतात, एक वाढवला की दुसरा आपोआप दबतो. मी म्हणालो, एवढं शिकायला विद्यापीठाची फी कशाला भरायची, आईला विचारायचं. ती हसली नाही.

तुझा,
अमरसिंह


कोल्हापूर
सोमवार, ९ मार्च २०२६

निसार,

तुझा फॉर्म आज आला. प्रियाच्या आधी मी उघडला. निळ्या पेनानं, एकाही आकड्यावर गिरवागिरवी नाही. ‘गैरसोयीचं असलं तरी तो खरं बोलतो’ याच्यापुढं सहा. ‘आपला-परका न बघता तो न्याय करतो’, सहा. ‘लोकांत आपलं नाव मोठं असावं असं त्याला वाटतं’ याला तू एक दिलास. आणि खाली लिहिलंस:

‘अमऱ्या, पोरीला सांग, हे भरायला मला दोन मिनिटं लागली. गल्लीत लोक आमच्या तोंडावर थुकायचे बाकी हुते, तवा मी मेहमुदाला म्हणायचो, अमऱ्याला दिसलं असतं तर त्यो बोलला असता. बाकी कुणाचं मला म्हाईत न्हाय.’

कागद दुमडून खिशात घातला आणि कामाला गेलो. दिवसभरात चार चांगली कास्टिंग मी खराब म्हणून बाजूला काढली. पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी पश्चिमेच्या लाईनीवर उभा होतो. पाच वाजता ऊन पश्चिमेकडूनच येतं, निसार, ते माझ्या पाठीवर होतं. मागच्या पत्रात मी डोळ्यावर लिहिलं आणि तुला ते खटकलं नाही, कारण मी सांगितलेलं तपासून बघायची तुला सवयच नाही.

मला दिसलं. सम्राटनं आधी मान वळवून पंचाकडं बघितलं, मग कोपर घातलं. झिशानचे दोन्ही हात तेव्हा खाली होते. माझा झेंडा अर्धा वर गेला होता. मग मला अनुजा दिसली. म्हणजे ती तिथं नव्हती, पण दिसली. सम्राटचं नाव पोलीस भरतीच्या यादीत लागलं होतं, पडताळणी तेवढी बाकी होती. मारहाणीची केस झाली असती तर गेलं सगळं. दाजी गेल्यापासून तिनं पोळ्या लाटून त्याला वाढवलंय. झेंडा खाली आला.

ते मी दोन सेकंदांत केलं, त्याची मी स्वतःला कशीबशी माफी देऊ शकतो. पुढचं अवघड आहे. दुसऱ्या दिवशी मी जाऊन सांगू शकलो असतो. भरती झाल्यावर सांगू शकलो असतो. तालमीत पोरं झिशानला ‘तुमच्यातली पोरं असलीच’ म्हणायला लागली, ज्या तालमीत गणपती आणि मोहरमचे पंजे एका खोलीत बसतात तिथं, तेव्हा तरी सांगायला पाहिजे होतं. तेव्हा अनुजा आड नव्हती. आड होता सख्ख्या भावाचा गोल रद्द करणारा अमरसिंह. तो माणूस खोटं बोलला, हे मला लोकांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. तू ज्याला एक दिलास, तिथं सहा पाहिजेत.

आणि डबल शिफ्ट वगैरे काही नव्हती. ईदच्या दिवशी मी पेठेतच होतो. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि परत गेलो.

हे पत्र मी टाकणार नाही. पण लिहिल्याशिवाय जेवण गेलं नसतं.


कोल्हापूर
शनिवार, १४ मार्च २०२६

निसार,

हेही टाकणार नाही, तेव्हा मोकळं लिहितो.

सकाळी अनुजा आली. तिला मीच फोनवर सांगितलं होतं की उद्या काय करायचं ते माझं अजून ठरलेलं नाही. मागं सम्राट, सुट्टीवर आलाय. केस बारीक कापलेले, पाठ ताठ. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

“दादा, उद्या तू काय बोलणार हाईस?” तिनं चप्पलसुद्धा काढली नव्हती.

मी म्हणालो, मला माहीत नाही.

“त्याची नोकरी घालवणार?”

मी म्हणालो, वर्षापूर्वीच्या मॅचवरून आता नोकरी जाईलच असं नाही.

“जाणार न्हाय, हे लिहून देतोस?” ती म्हणाली. जबडा मोडलेल्या पोराचा बाप उद्या तिथं असणार आहे. तो तक्रार करेल की नाही, मी कुठून लिहून देऊ?

मग ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहितो. “तवा तू माझ्यासाठी गप बसलास असं मला सांगू नगंस. मी तुला सांगितलं हुतं व्हय गप बस म्हणून? तुझ्या मनानं तू बसलास. आणि आता बोलणार तेबी तुझ्याच मनासाठी. तुला रातीची झोप पायजे. त्या निसारभाईच्या पोराचं नाव पुढं करू नगंस आणि माझ्याबी पोराचं.”

निसार, मला राग आला. इतका की पितळेचा तांब्या हातात होता तो मी आपटला, पोचा आला त्याला. खरं बोलणाऱ्याचा राग येतो तसाच होता तो.

सम्राटला विचारलं, “तुझं काय म्हणणं हाय?” तो सावकाश म्हणाला, “मामा, मी रोज गणवेश घालताना तुमचीच आठवण काढतो.” ते आभार होते की शिवी, मला कळलं नाही. त्याची आई जिना उतरली तसा तोही गेला.

प्रिया आतून सगळं ऐकत होती. तिला मी आजवर काही सांगितलं नव्हतं, पण तिला आता सगळं कळलंय. मी म्हणालो, “विचार तुझं काय विचारायचं ते.” तिनं माझा फॉर्म टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाली, “पप्पा, हा मी प्रकल्पात घेणार न्हाय. तुम्हाला बदलायचा असंल तर बदला.” मी तसाच ठेवला. उद्या साडेदहाला जायचंय. आत्ता संध्याकाळचे सहा वाजलेत आणि मी खरंच सांगतो, मला माहीत नाही. समितीचे अध्यक्ष विजयसिंह मला फोनवर काय म्हणाले ऐक: “या फक्त. मागचंच म्हणणं कायम हाय काय विचारणार, तुम्ही व्हय म्हणायचं. पाच मिनिटांचं काम.”

एक शब्द आहे. तोही होकाराचा.


कोल्हापूर
रविवार, १५ मार्च २०२६, दुपार

निसार,

झिशानवरची बंदी उठली. २८ तारखेला तो पुण्याला जाऊ शकतो. ही बातमी तुला त्यानं फोनवर दिली असेलच. कशी उठली ते त्यानं सांगितलं नसणार, म्हणून मी सांगतो.

शाहूपुरीत त्या दुकानावरच्या खोलीत आम्ही सात जण होतो. समितीचे तिघं, मॅचचा पंच, जखमी पोराचा बाप, झिशान आणि मी. झिशान समोरच्या खुर्चीवर मांडीवर हात ठेवून बसला होता. रोजा होता त्याचा, ओठ सुकले होते. त्याच्या अर्जात एवढंच होतं: मी मारलं नाही, लाइनमनला पुन्हा विचारा. सम्राटचं नाव त्यानं तिथंही घेतलेलं नव्हतं.

विजयसिंहांनी माझं मागचं उत्तर वाचून दाखवलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, “कायम न्हवं?”

तुला सांगतो, ‘होय’ ओठांपर्यंत आला होता. मी झिशानकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, खिडकीकडं बघत होता, मला सोपं जावं म्हणून मुद्दाम नजर काढून घेतल्यासारखा. ते मला सहन झालं नाही.

मी म्हणालो, “न्हाय. मी खोटं बोललो. मला दिसलं हुतं. सतरा नंबर. सम्राट, माझा भाचा.”

पंच म्हणाला, “अहो अमरसिंह...” आणि थांबला. विजयसिंहांनी चष्मा काढला. जखमी पोराचा बाप उठून माझ्यासमोर आला. मला वाटलं मारतो, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “तुम्हीच झेंडा धरावा असं आमच्या तालमीनं सांगितलं हुतं. मी सांगितलं हुतं.” आणि खाली निघून गेला. तक्रार करणार का, काही बोलला नाही. सम्राटचं काय होईल ते मला माहीत नाही. अनुजाला मीच फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि ठेवला. माझं पंचाचं कार्ड समितीनं जमा करून घेतलं, कायमचं. ते योग्यच केलं.

मी जिना उतरलो तर झिशान खाली थांबलेला. मी त्याच्यापुढं हात जोडले. त्यानं ते धरून खाली केले.

“काका, मला म्हाईत हुतं,” तो म्हणाला.

“काय म्हाईत हुतं?”

“तुमचा झेंडा वर गेलता. अर्ध्यावरनं परत आला. मी तुमच्याकडंच बघत हुतो तवा.”

तेरा महिने, निसार. तेरा महिने तुझ्या पोराला माहीत होतं. मी विचारलं, मग घरी का नाही सांगितलंस?

रस्त्यावरून टेम्पो आला तसं त्यानं मला हाताला धरून कडेला घेतलं. “अब्बांचं सगळंच गेलं हुतं की त्या टायमाला. गल्ली गेली, तालीम गेली. तुम्ही तेवढं राहिला हुता. मागल्या आठवड्यात तुमचा फॉर्म भरताना त्यांनी एकेक ओळ मला मोठ्यानं वाचून दाखवली. सहा, सहा म्हणत हुते. मीच तो पोस्टात टाकला.” मग म्हणाला, “काका, एक मागू? अब्बांना सांगू नका. समितीला माझं पटलं एवढंच मी सांगतो. ईदला या. मी कधीबी बोलणार न्हाय.”

मी त्याला काही कबूल केलं नाही, त्याच्याबरोबर बसस्टँडपर्यंत गेलो. त्याची एसटी आली, तो गेला.

बसस्टँडवरून घरापर्यंत मी चालत आलो आणि वाटेभर मला बरं वाटत होतं, हेही तुला सांगितलं पाहिजे. विचार कर, किती सोपं होतं. झिशानला न्याय मिळाला, तुला मित्र राहिला, मला शीरखुर्मा मिळाला, आणि कोणाचंही मन मोडलं नाही. फक्त गप्प बसायचं. ते मला चांगलं जमतं. घराच्या पायरीवर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा झेंडा खाली घेतोय, आणि या वेळी पोरगाच मला सांगतोय घ्या म्हणून.

म्हणून ९ तारखेचं आणि १४ तारखेचं अशी न टाकलेली दोन पत्रं याच पाकिटात घालतोय. वाचशील तेव्हा झिशानवर रागावू नकोस. त्यानं तुझ्यापासून लपवलं ते तुझ्यासाठी, आणि मी लपवलं ते माझ्यासाठी. दोन्हींना एकच शब्द असला तरी गोष्ट एक नाही. आणि त्याला सांग, काकानं तुझं ऐकलं नाही, मला माफ कर म्हणाला.

ईदला येऊ का, असं मी विचारणार नाही.

तू भरलेला फॉर्म परत पाठवतोय. तो तू पेनानं भरलास, खोडता येणार नाही, म्हणून प्रियाकडून एक कोरा मागून घेतला आणि सोबत जोडलाय. आता माझ्याविषयी तुला माहीत नसलेलं काही उरलेलं नाही. दोन मिनिटांत नको, सावकाश भर.

अमऱ्या